धाकूची भाट

"ही कोणाची?"

"नागू तांडेलाची."

"आणि ती पलीकडची? तो बगळा उभा आहे ती?"

"ती काजीचाचाची. चाचा जाऊन वीस वर्सं झाली. भाट हाय तितंच."

मी वहीत लिहून घेत होतो. लाँचच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, धाकू तांडेल हातात लांब बांबू घेऊन बसला होता आणि मान न वळवता उत्तरं देत होता. खाडीच्या तोंडाशी आल्यावर उजव्या हाताला पाण्याचा रंग एकदम ताकासारखा दिसला, म्हणून मी पुन्हा विचारलं, "आणि ही एवढी मोठी? ही कोणाची?"

"तिला नाव नाय," धाकू म्हणाला आणि बांबू पाण्यात जरा जास्तच जोरात खुपसला.

मी वहीत लिहिलं, 'निनावी'.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो, अकोल्याचा होतो, आणि समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीच्या हुकुमावर. आमच्या मोर्णा नदीत उन्हाळ्यात गुरं बसतात, त्यामुळे उथळ पाण्याबद्दल मला बरंच कळतं अशी माझी समजूत होती. सरकारच्या मोजणी पथकात मी कनिष्ठ मोजणीदार होतो. खारवंडे गावच्या खाडीचा नकाशा करायचा, दोरीला शिशाचा गोळा बांधून जागोजागी खोली मोजायची आणि खाडीतल्या सगळ्या भाटींची नावं नोंदवायची, हे माझं काम. पाण्याखाली लपलेला वाळूचा उथळ पट्टा, त्याला तिकडे भाट म्हणतात. भरतीला दिसत नाही, ओहोटीला पाठ वर काढते. मधल्या वेळात ती तांडेलाची, म्हणजे होडी हाकणाऱ्या म्होरक्याची, परीक्षा घेते.

त्या दिवशी संध्याकाळी धक्क्यावरच्या विश्रामच्या दुकानात चहा पिताना मी सहज म्हटलं, "तोंडावरच्या मोठ्या भाटीला नाव नाही म्हणे."

दुकानात बसलेली पाचसहा माणसं एकदम हसली. विश्रामनं चहाची गाळणी खाली ठेवली.

"कोण म्हणालं?"

"धाकू तांडेल."

"मग बरोबर हाय," विश्राम म्हणाला. "त्याच्या तोंडून कसं येईल? सायेब, ती धाकूची भाट. एकतीस वर्सं धाकूचीच."

मग मला तो सगळा रिवाज कळला. खारवंड्यात भाटीला नाव मिळतं ते तिच्यावर होडी टेकवणाऱ्याचं. पुढे दुसरं कोणी तिथे टेकलं की आधीचा सुटला आणि नाव नव्या माणसाकडे गेलं. पण त्याला एक अट होती. कोणी पाहिलं, कोणी सांगितलं, याला किंमत नाही. टेकणाऱ्यानं धक्क्यावर यायचं, गावासमोर आपल्या तोंडानं 'टेकलो' म्हणायचं आणि देवीला नारळ द्यायचा. तेव्हाच भाट हस्तांतरित. आमच्या खात्यातल्या फाइलींपेक्षा ही पद्धत सुटसुटीत होती, असं मला तेव्हा वाटलं.

"एकतीस वर्षांत कोणीच टेकलं नाही?" मी विचारलं.

"टेकले असतील चारपाच," विश्राम म्हणाला. "रात्रीचे, एकटेदुकटे. पण बोलतो कोण? धाकू बोलला. त्याला न बोलून चालण्यासारखं नव्हतं म्हणा. होडीत खुद्द देवी व्हती."

शिमग्यात गावदेवीची पालखी खाडीपलीकडच्या गावाला भेटीला जाते. त्या वर्षी पालखीची होडी हाकायचा मान धाकूकडे होता. भर दुपार, स्वच्छ ऊन, आणि होडी जाऊन बसली भाटीवर. पलीकडचं गाव ढोल-ताशे घेऊन काठावर उभं, अलीकडचं गाव अलीकडे उभं, आणि मधोमध देवी पाच तास वाळूत. दोन्ही गावांना हसायला तेवढा वेळ पुरेसा होता. तेव्हापासून धाकूच्या हाती गावानं पालखी कधी दिली नाही.

खारवंड्यात 'भाट' हा शब्द नुसता पाण्यापुरता उरला नव्हता. ठरत आलेलं लग्न अडलं की 'टेकलं भाटीवर' म्हणायचे. कीर्तनात बुवा पुढची ओळ विसरले की मागच्या रांगेतून कोणीतरी हळूच 'भाट आली' म्हणायचं. अडलेल्या बाळंतिणीची सुटका झाली की सुईण दारात येऊन 'सुटली भाट' एवढंच सांगायची, आणि नवरा मटकन खाली बसायचा. बरं, हा शब्द अगदीच वाईट होता असंही नाही. होड्यांचे तळ खरवडायला ओहोटीच्या भाटीसारखी जागा नाही. बायका तिथेच गुडघाभर पाण्यात वाकून तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, काढायच्या. सगळ्यांत टपोऱ्या तिसऱ्या धाकूच्या भाटीवर मिळायच्या, आणि बाजारात त्या 'धाकूच्या तिसऱ्या' म्हणूनच ओरडून विकल्या जायच्या. धाकूच्या घरात मात्र तिसऱ्या शिजत नव्हत्या. त्याची बायको चंद्राकाकी मला एकदा म्हणाली, "आमाला त्या पचत नायत." एवढंच म्हणाली आणि भाकरी थापत राहिली.

मी वहीतलं 'निनावी' खोडून 'धाकूची भाट' लिहिलं. दुसऱ्या दिवशी लाँचवर धाकूनं ते पाहिलं. त्याला वाचता येत नव्हतं, पण खाडाखोड कळली.

"विश्रामनं सांगितलं?"

"हो."

त्यानं बांबू वर ओढून घेतला. मग म्हणाला, "सायेब, ह्ये वहीतलं मग नकाशात जानार?"

"जाणार."

"आनि नकाशा छापनार?"

"छापणार. मुंबईला."

"मग उद्या कोन दुसरा टेकला तर?"

मी हसलो. "तर काय? नकाशा एकदा छापला की छापला. पुढची मोजणी पन्नास वर्षांनी."

"शिसपेनीनं लिवा ना," धाकू म्हणाला. "तेवडं एक नाव शिसपेनीनं. मागून कोन टेकला तर पुसता येईल."

"नकाशा शाईत असतो, तांडेल."

आज हे लिहिताना त्या उत्तरातली ऐट मला दिसते. तेव्हा दिसली नव्हती. त्याची खरी अडचण मला पुढच्या काही दिवसांत उमगली. त्याचं नाव त्या भाटीला इतकं घट्ट चिकटलं होतं की खारवंड्याचा प्रत्येक बाप आपल्या मुलाला होडी शिकवताना पहिला धडा तोच द्यायचा, 'धाकू होऊ नकोस.' त्यामुळे त्या बाजूला कोणी फिरकतच नसे, आणि कोणी फिरकत नसल्यामुळे धाकू सुटत नव्हता. सत्तरीला आलेला माणूस एकतीस वर्षं रोज सकाळी धक्क्यावर बसून कोणीतरी चुकण्याची वाट बघत होता. आणि आता मुंबईहून नकाशा येणार होता.

"सगळी इचारतात, कुठं बगत व्हतास म्हनून," तो एकदा आपण होऊन म्हणाला. "मी पान्याकडंच बगत व्हतो. भाट सरकली व्हती सायेब. आदल्या पावसात सरकली. भाट काय खुंट्याला बांदलेली आसते? पन टेकल्यावर कोन ऐकतो?"

मीही ऐकलं नाही. मान हलवली आणि आकडे उतरवले.

आमची लाँच म्हणजे नाव मोठं, लक्षण खोटं. साध्या होडीला इंजिन बसवलेलं होतं आणि तळाला सरकारी तांबडा रंग. ती हाकायला ड्रायव्हर होता हसनमियाँ, शेजारच्याच गावचा. त्याच्याकडून दोन महिन्यांत मी सुकाणू धरायला शिकलो होतो आणि सरळ पाण्यात बऱ्यापैकी हाकत होतो. पण नियम कडक होता. ड्रायव्हरशिवाय लाँच काढायची नाही, आणि लाँच टेकली तर जबाबदार माणसावर कारवाई. आदल्या वर्षी खेर नावाच्या माझ्या सोबत्यानं दुसऱ्या खाडीत लाँच वाळूत घातली होती. तो आता पुण्याला काकांच्या छत्र्यांच्या दुकानात बसत होता. माझी नोकरी अजून कच्ची होती. पक्की झाल्याचा कागद आला की लग्न, असं अकोल्याच्या एका वकिलांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, आणि त्यांच्या मुलीची पत्रं माझ्या पेटीत तळाशी होती.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात धारपसाहेब तपासणीला येणार होते. साहेब दुपारी चारला पोचणार, असा निरोप होता. सकाळी आठला आकडे जुळवताना माझ्या लक्षात आलं, की धाकूच्या भाटीच्या बाहेरच्या कडेची एक संपूर्ण ओळ मोजायची राहिली आहे. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, ते मला त्या खाडीकाठी कळलं. हसनमियाँ तीन दिवस तापानं घरी पडला होता.

मी धाकूला उठवायला गेलो. तो उठून बसलेलाच होता.

"आज नको सायेब. व्हटी लागेल आता. उद्या भरतीला जाऊ."

"उद्या साहेब गेलेले असतील."

"मिया नाय."

"मी हाकतो."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "भाटीच्या बाह्येरच्या अंगाला पानी बदललंय. परवा रंग बगितला मी."

"तांडेल, दोन महिन्यांचे आकडे आहेत माझ्याकडे. प्रत्येक दहा हातांचे."

उथळ पाण्याला खळखळाट फार, हे आम्ही शाळेत सुवाच्य अक्षरात वीस वेळा लिहिलं होतं. वीस वेळा लिहिल्यानं काही होत नाही.

आम्ही निघालो. चंद्राकाकी दारात उभी होती. धाकू नेहमीसारखा नाळेवर बसला, बांबू पाण्यात सोडत खोली ओरडून सांगू लागला. तिकडे खोली वावात मोजतात, दोन्ही हात पसरले की होतो तो एक वाव. "तीन वाव! ... तीनच! ... अडीच!" मी एका हातानं सुकाणू धरून दुसऱ्या हातानं लिहीत होतो आणि स्वतःवर फार खूश होतो. ओहोटी लागली होती. पाणी समुद्राकडे ओढत होतं आणि लाँच आपसूक पुढे जात होती.

"दोन वाव! सायेब, जरा डावीकडं घ्या."

मी वहीत पाहिलं. माझ्या आकड्यांप्रमाणे तिथे तीन वाव पाणी हवं होतं. मी सरळच ठेवली.

"दीड! डावीकडं घ्या वो!"

मला वाटलं, म्हातारा त्या भाटीला भितो. एकतीस वर्षांची भीती, दुसरं काय. मी म्हटलं, "आकड्यांत आहे तांडेल, पुढे खोल आहे."

"आकडे गेले खड्ड्यात! मारा डावीकडं!"

तेव्हा मी सुकाणू मारलं. खालून खर्र असा लांबलचक आवाज आला, माझ्या पायांच्या तळव्यांना तो लागला, आणि लाँच थांबली.

लाँच टेकली होती.

आजूबाजूला पाणी वाहत होतं आणि आम्ही वाहत नव्हतो. हे किती भयंकर असतं ते अकोल्याच्या माणसाला सांगून कळणार नाही. ओहोटीत टेकलेली होडी दर मिनिटाला जड होत जाते. अजून पाव तास गेला असता तर लाँच पुढचे सहा तास तिथेच, अख्ख्या गावाच्या डोळ्यांदेखत, आणि चार वाजता धारपसाहेबांच्याही.

धाकू उठून उभा राहिला. त्यानं खाली पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. लग्नात मुलीचा बाप पंगत उठल्यावर जसा दिसतो तसा तो दिसत होता.

"टेकली," तो हळूच म्हणाला.

त्यानं नुसतं खाली बसायचं होतं. बांबू मांडीवर घेऊन, विडी पेटवून, भरती येईपर्यंत. एकतीस वर्षं ज्याची वाट बघितली ते त्याच्या बुडाखाली होतं. पण 'टेकली' म्हणेपर्यंत त्यानं धोतराचा काचा मारला होता आणि उडी टाकली होती. पाणी त्याच्या कमरेएवढं. त्यानं नाळेला खांदा लावला.

"इंजन मागं घ्या! मागं! आता!"

मी इंजिन उलटं टाकलं. त्या सत्तर वर्षांच्या माणसाच्या मानेच्या शिरा मला अजून दिसतात. लाँच हलली, पुन्हा खरडली, आणि एकदम सुटली. सुटली ती ओढीत सापडून थेट खोल पाण्यात गेली. धाकू भाटीवर उभा राहिला.

मी लाँच वळवायला लागलो तसा तो ओरडला, "हिकडं नको! परत बसाल! धक्क्यावर जावा, होडी पाठवा मला!"

मी गेलो. सांगितलेलं लगेच ऐकण्याची त्या दिवसातली ती माझी पहिलीच वेळ.

धक्क्यावर माणसं जमली होती. आणि त्यांच्या मधोमध डोक्यावर पांढरी टोपी घालून धारपसाहेब उभे होते. जीप लवकर मिळाली म्हणून साहेब चारच्या ऐवजी साडेदहाला आले होते. मोठी माणसं उशिरा येऊन त्रास देतात असं आपण म्हणतो, पण लवकर येऊनही देतात. त्यांनी काय पाहिलं होतं? लांबून त्यांनी पाहिलं होतं ते एवढंच, की त्यांचा कनिष्ठ मोजणीदार एकटा लाँच हाकत डौलात धक्क्याला येतो आहे, आणि दूर खाडीच्या तोंडाशी, पाण्याच्या मधोमध, एक म्हातारा माणूस उभा आहे. पाणी उतरत होतं. धाकू आता मांड्यांपर्यंत होता.

"धाकू परत टेकला!" कोणीतरी ओरडलं.

"या खेपेला होडीबिगर!" विश्राम म्हणाला, आणि अख्खा धक्का हसला. साहेबही हसले, त्यांना काही कळलं नव्हतं तरी.

धाकूला आणायला लहान होडी गेली. ती पोचेपर्यंत पाणी त्याच्या घोट्याशी आलं होतं आणि हसून हसून बायकांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. साहेबांनी मला विचारलं, "ड्रायव्हर कुठे आहे?" मी म्हटलं, "ताप आहे." ते 'हं' म्हणाले. त्या 'हं'मध्ये मला छत्र्यांचं दुकान दिसलं.

होडी धक्क्याला लागली. धाकू ओलाचिंब वर आला. लोक त्याला हसत होते आणि तोही हसत होता. खारवंड्यानं त्याला तसा हसताना किती वर्षांनी पाहिलं असेल कोण जाणे. चंद्राकाकी गर्दीच्या कडेला होती, तिनं पदर तोंडाशी धरला होता.

"हसा, हसून घ्या," धाकू म्हणाला. "मी टेकलो नाय. लाँच टेकली. मी ढकलून काडली. इचारा सायबांना. त्यांच्या तोंडून ऐका."

हसणं थांबलं. रिवाज सगळ्यांना ठाऊक होता. विश्राम दुकानाच्या पायरीवरून खाली उतरला. सगळ्या गावानं माझ्याकडे पाहिलं, आणि सर्वांच्या पुढून धारपसाहेबांनी पाहिलं.

"सोनटक्के," साहेब म्हणाले, "लाँच टेकली?"

एक शब्द हवा होता. 'टेकलो.' तो म्हटला असता, एक नारळ दिला असता, तर एक माणूस सुटला असता. मी तो शब्द मनात म्हटलासुद्धा. पण साहेबांनी विचारलं होतं, गावानं नाही, आणि साहेबांच्या हातात माझा पक्का कागद होता.

"नाही साहेब," मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी निदान बरं होतं. पण खोट्याला एकटं उभं राहवत नाही. मी म्हणालो, "कडेची खोली बांबूनं नीट मिळेना, म्हणून तांडेल स्वतः खाली उतरले. ओढ फार होती, मला लाँच तिथे थांबवता आली नाही."

लाँच माझ्या मागे पाण्यात होती. ती बाजूला कलवून तिचा तळ पाहिला असता तर तांबड्या रंगावरचा ओरखडा आंधळ्यालाही बोटानं लागला असता. धाकूला ते माहीत होतं. तो नुसतं 'तळ बगा' म्हणाला असता तर माझं काम तिथेच संपलं असतं. तो माझ्याकडे पाहत राहिला. राग नव्हता. रागावला असता तर मी आज इतकं लिहीत बसलो नसतो. तो माझा चेहरा पाण्याचा रंग बघावा तसा बघत होता.

"सायेब म्हनतात तर नाय टेकली," तो म्हणाला.

"अहो, मग तेच तर!" धारपसाहेब खुलले. "या वयात पाण्यात उतरून खोली मोजता, म्हणजे कमाल आहे! सोनटक्के, यांचं नाव काय?"

नाव विश्रामनं सांगितलं, आणि पाठोपाठ भाटीचंही. 'धाकूची भाट' ऐकल्यावर साहेबांचा आनंद गगनात मावेना. गावानं आपल्या तांडेलाच्या सन्मानार्थ भाटीला त्याचं नाव दिलं आहे, अशी त्यांची समजूत झाली, आणि ती दूर करण्याची हिंमत कोणाला झाली नाही. त्यांनी तिथेच धक्क्यावर छोटंसं भाषण केलं. मोठमोठ्या लोकांचे पुतळे उभे राहतात, पण साध्या कष्टकऱ्याचं नाव सरकारी नकाशावर येतं याचा आनंद वेगळाच, असं काहीतरी ते म्हणाले. शेवटी त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग गावालाही वाजवाव्या लागल्या. चंद्राकाकी तेवढ्यात घरी निघून गेली होती.

आमचं कार्यालय शाळेच्या पडवीत होतं. साहेबांना चहा हवा होता, तो आणायला माणूस गेला. धाकूला त्यांनी मुद्दाम बरोबर आणलं होतं आणि तो पडवीच्या खांबाशी ओल्या धोतरानं उभा होता. साहेब हातपाय धुवायला विहिरीकडे गेले, तेवढ्यात मी त्याच्याजवळ गेलो. माफी मागायचं माझ्या मनात होतं. पण माझ्या तोंडून प्रश्नच निघाला.

"तांडेल, तुम्ही नुसतं बसून राहिला असतात तरी झालं असतं. साऱ्या गावानं बघितलं असतं, मला नाही म्हणता आलं नसतं. मग ढकललीत कशाला?"

त्याला प्रश्न कळलाच नसावा. तो माझ्याकडे पाहून म्हणाला, "होडी टेकल्यावर ढकलायची नाय तर काय करायचं?"

साहेब टॉवेलानं तोंड पुसत आले. टेबलावर मूळ नकाशा पसरलेला होता. अजून नावं भरायची होती. "सोनटक्के, तुमचं अक्षर चांगलं आहे," ते म्हणाले. "हे एक नाव आत्ता, यांच्यासमोर लिहा. शाईत. म्हणजे म्हाताऱ्याला बघायला मिळेल. आणि नुसतं धाकू काय? सरकारी नकाशा आहे, पूर्ण नाव घालू. काय हो, आडनाव काय तुमचं?"

"वासावे."

"आणि वडिलांचं नाव?"

धाकू खांबापासून सुटून टेबलाजवळ आला. आयुष्यात पहिल्यांदाच तो त्या नकाशावर वाकला असेल. निळ्या रेघांच्या खाडीकडे त्यानं पाहिलं, आणि मग दोन्ही हात जोडले.

"बापाचं नाव नको सायेब," तो म्हणाला. "तो जल्मात कदी टेकला नाय."

साहेबांना तो विनय वाटला. "बरं, बरं, जसं म्हणाल तसं. लिहा सोनटक्के, धाकूची भाट."

मी टाक बुडवला आणि लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच आलं. त्या मोजणीत लाँच एकदाही टेकली नाही असा शेरा धारपसाहेबांनी माझ्या नावावर मारला, मार्चमध्ये पक्का कागद आला, मे महिन्यात लग्न झालं. बायकोला मी हे अजून सांगितलेलं नाही.

शाई वाळेपर्यंत धाकू टेबलाशी उभा होता. मग त्यानं मला विचारलं, "झालं?"

"झालं," मी म्हणालो.

त्यानं ओलं धोतर पिळून पडवीखाली पाणी गाळलं, साहेबांना नमस्कार केला आणि घरी गेला.